भिक्षेचं गाव

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥

आपल्या दत्तमहाराजांचं गाव कोणतं, असं एखाद्या नातवानं विचारलं तर आजोबांची पंचाईत होईल. पहाटे काशीला स्नान, माध्यान्ही करवीरक्षेत्री भिक्षा, रात्री माहुरगडावर निद्रा. अंघोळीचं गाव वेगळं, जेवणाचं वेगळं, निजण्याचं वेगळं, आणि ‘हे माझं घर’ म्हणावं असं यात एकही नाही. पुढचे अवतारही तसेच. श्रीपाद श्रीवल्लभ जन्मले पीठापूरला, राहिले कुरवपूरच्या बेटावर. नृसिंहसरस्वती महाराज जन्मले कारंज्याला. बारा वर्षं वाडीला काढली आणि नंतर गाणगापूर. आमच्या नाशिककरांच्या धरणाचं गंगापूर नव्हे हो, भीमा-अमरजेच्या संगमावरचं गाणगापूर. जन्मगावी कुणीच राहिलं नाही. तरीही वाडीच्या माणसाला विचारा, महाराज कुठले? तो ‘आमचे’ म्हणेल. गाणगापूरचा माणूस तर यावर भांडायलाही उठेल.

बाहेरून आलेला माणूस एखाद्या गावाचा होतो, तो नेमका कशानं? हा प्रश्न मी गेली काही वर्षं उराशी धरून आहे. त्यावर जे सुचलं ते या अंकासाठी लिहितो आहे. अधिकारवाणीनं नाही, वाचकांपैकी पुष्कळ जण माझ्यापेक्षा वयानं आणि उपासनेनं मोठे आहेत.

थोडं माझ्याविषयी सांगावं लागेल. नाशिकरोडच्या प्रेसमध्ये चौतीस वर्षं नोकरी झाली. 2012 साली निवृत्त झालो आणि पुढच्या वर्षी आम्ही दोघं नवरा-बायको सुरगाणा तालुक्यातल्या एका पाड्यावर राहायला गेलो. वणी ओलांडून बोरगावच्या पुढे जायचं, मग डांबरी रस्ता सोडून साडेतीन किलोमीटर आत. नाशिकहून घरी पोहोचायला तीन तास धरावेत, पावसाळ्यात देवाला ठाऊक. हिची धाकटी बहीण त्या भागात आश्रमशाळेवर शिक्षिका होती. तिच्याकडे सुट्टीत जाऊन जाऊन हिला त्या डोंगरांचं वेड लागलं होतं. माझं म्हणाल, तर मला फक्त कॉलेज रोडच्या गर्दीतून सुटायचं होतं. ही दोन कारणं वेगळी आहेत हे आज लिहिताना जाणवतं. ही कशाकडे तरी गेली, मी कशापासून तरी.

अलीकडे असं जाणाऱ्यांची संख्या वाढली आहे. त्र्यंबक रस्त्याला, इगतपुरीकडे, गंगापूर धरणाच्या काठानं फार्महाऊस उभी राहिली आहेत. शनिवारी दिवे लागतात, सोमवारी कुलूप. त्यांना नावं ठेवायची नाहीत. शहरातला माणूस दमलेला असतो. पण सातबारा नावावर झाला म्हणजे गाव आपलं झालं, असं त्यातल्या पुष्कळांना मनापासून वाटतं. आमच्या बाबतीत हा मार्ग मुळातच बंद होता, आणि ते बरंच झालं. सुरगाणा हा अनुसूचित क्षेत्रातला तालुका. आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला सरकारी परवानगीशिवाय घेता येत नाही; 1974 साली महसूल कायद्यात तशी कडक तरतूद झाली. त्यामुळे आम्ही राहिलो ते दुसऱ्याच्या घरात, शब्दावर. दोन खोल्या, पुढं ओटी, मागं परसात हातभर जागा. अवधूतानं चोवीस गुरू केले त्यात एक साप आहे. तो स्वतःचं घर बांधत नाही, दुसऱ्यानं केलेल्या बिळात राहतो. आमच्या ओटीवर बसून मी हिला म्हणायचो, आपला गुरू ठरला बघ. तिला सापांची भीती वाटायची, ती रागवायची.

मालकी नाही, तर मग सेवा? शहरातून खेड्यात जाणाऱ्या भल्या माणसाला दुसरा मार्ग हाच दिसतो. आणि त्या मार्गानं गेलेली मोठी माणसं आपल्याकडे आहेत. आमच्याच डांग भागात दादासाहेब बिडकरांनी डांग सेवा मंडळाच्या शाळा उभ्या केल्या, तेही स्वातंत्र्याच्या आधीपासून. तिकडे भामरागडच्या जंगलात हेमलकशाला प्रकाश आणि मंदाकिनी आमटे 1973 पासून. या लोकांपुढे हात जोडावेत. पण माझ्यासारख्या पेन्शनर माणसानं ‘मी इथल्या लोकांसाठी काहीतरी करतो’ म्हणत पाड्यावर जाणं ही वेगळी गोष्ट आहे. देणारा उभा असतो आणि घेणारा बसलेला असतो. देणाऱ्याला गावात मान मिळतो, खुर्ची मिळते, पहिला चहा मिळतो. पण खुर्ची ही पाहुण्याची जागा. घरच्या माणसाला कुणी खुर्ची आणून देत नाही. पहिली काही वर्षं मला लोक ‘साहेब’ म्हणत. त्यात आदर होता आणि अंतरही होतं.

शिवाय ज्या लोकांत आपण आपलेपणा शोधायला जातो, त्यांचा स्वतःचा आपलेपणा तरी कुठं निर्वेध आहे? मार्च 2018 मध्ये नाशिकहून मुंबईपर्यंत शेतकऱ्यांचा मोठा मोर्चा गेला, ते आठवत असेल. 6 तारखेला निघाला, 12 तारखेला मुंबईत पोहोचला. सुमारे एकशेऐंशी किलोमीटर. त्यात आमच्या तालुक्यातली माणसं फार होती. आमच्या पाड्यावरूनही गेली. सोलवटलेल्या तळपायांनी परत आली. त्यांची एक मुख्य मागणी वनजमिनीच्या पट्ट्यांची होती. 2006 च्या वनहक्क कायद्याप्रमाणे, 13 डिसेंबर 2005 च्या आधीपासून आपण ही जमीन कसतो हे दाखवावं लागतं. आता बघा, ज्यांच्या आज्या-पणज्यांनी त्या उतारावर राब भाजला, नागली लावली, त्यांना कागद दाखवून सांगावं लागतं की आम्ही इथले. आणि मी नाशिकरोडहून टेम्पोत सामान घालून येतो आणि ‘मला इथं आपलेपणा मिळेल का’ असा प्रश्न घेऊन ओटीवर बसतो! माझा प्रश्न मनाचा होता, त्यांचा पोटाचा. दोन्ही प्रश्न खरेच आहेत, पण एका तागडीत घालायचे नाहीत, एवढं भान ठेवायला हवं.

तर मालकी नाही, सेवेची खुर्ची नको, जन्म तर इथला नाहीच. मग उरतं काय? इथं मला गुरुचरित्राचा बाविसावा अध्याय आठवतो. पारायणात आपण तो कितीदा वाचला असेल. महाराज गाणगापूरला आले, संगमावर राहिले. गावात वेदशास्त्रसंपन्न, खाऊन-पिऊन सुखी अशी कितीतरी घरं. महाराज गेले कुठं, तर एका दरिद्री ब्राह्मणाच्या दारी. घरधनी भिक्षेला बाहेर गेलेला. दारात एक म्हातारी वांझ म्हैस, माती वाहायला भाड्यानं द्यायची, तेवढाच संसाराला आधार. महाराजांनी त्या बाईकडे दूध मागितलं, आणि तेही त्याच म्हशीचं. ती म्हणाली, ही कसली दूध देते. महाराज म्हणाले, दोहून तर बघ. पुढं काय झालं ते आपल्याला ठाऊक आहे. दोन भांडी भरली. तिथून गावात महाराजांची ख्याती झाली, राजा पालखी घेऊन आला, मठ झाला.

आपण या कथेत दुधाच्या धारेला हात जोडतो, आणि जोडावेतच. मी मात्र हल्ली धारेच्या एक पाऊल अलीकडे थांबतो. परक्या गावात आलेल्या त्या संन्याशानं पहिलं काम काय केलं? मागितलं. तेही ज्याच्याकडे काही नाही असं सारं गाव धरून चाललं होतं, त्याच्याकडे. आणि त्या घरात जे आहे हे खुद्द घरालाच माहीत नव्हतं, ते मागितलं. द्यायला आलेला माणूस खेड्यात गेला की त्याला काय दिसतं? रस्ता नाही, डॉक्टर नाही, मार्चनंतर विहिरीला पाणी नाही. खोटं नाही ते. आमच्याकडे पाऊस असा पडतो की छत्रीचा उपयोग नसतो, आणि ते सगळं पाणी नार-पारच्या खोऱ्यातून पश्चिमेला उतरून समुद्राकडे जातं. चैत्र-वैशाखात बाया हंडे घेऊन दरीत उतरतात. ‘नाही’ची यादी खूप लांब आहे. भिक्षा मागणारा मात्र ‘आहे’कडे बघतो. या घरात काय आहे, जे मला मिळालं तर माझं पोट भरेल, असं त्याला विचारावं लागतं.

हिनं हे कुठल्याही अध्यायाचा विचार न करता केलं. पहिल्याच पावसाळ्यात ती शेजारच्या म्हातारीकडे गेली आणि म्हणाली, मला नागलीची भाकर थापायला शिकव. नाशिकच्या बाईला भाकरी येत नाही याची म्हातारीला इतकी गंमत वाटली की तिनं चार घरच्या बायकांना बोलावून ही परीक्षा दाखवली. मग कुरडूची भाजी, शेवळाची भाजी, कुठला कंद खाजतो, तो कसा उकडायचा. आवणीच्या दिवसांत ही चिखलात उभी राहायची. कामाला फारशी उपयोगी पडत नसे, पण बायका तिला ‘इथं नको, तिथं लाव’ म्हणून ओरडायच्या. ओरडणं सुरू झालं तेव्हाच मला वाटलं, ही पाहुणी राहिली नाही. मला अजून ‘साहेब’च म्हणत होते, हिला मात्र दुसऱ्या वर्षापासून ‘आजी’.

2021 च्या आषाढात हिला अर्धांगाचा झटका आला. रात्रभर पाऊस होता, ओढा चढलेला, गाडी आत येणं शक्य नाही. पाड्यावरच्या आठ जणांनी बांबूला घोंगडी बांधून झोळी केली आणि तिला डांबरी रस्त्यापर्यंत आणलं. चौघे खांद्याला, चौघे बदलीला. ओढ्यात पाणी मांडीपर्यंत होतं. एकानं सगळ्या वाटेवर तिच्या तोंडावर प्लास्टिकचा कागद धरला होता, त्याचा हात एकदाही खाली आला नाही. आवणीचे दिवस होते. त्या दिवशी त्या आठही घरांची शेतं तशीच राहिली. पुढं अकरा दिवस ती नाशिकला दवाखान्यात होती. मग गेली. रामकुंडावर अस्थी सोडल्या आणि महिन्याभरानं मी पाड्यावर परत आलो.

त्या संध्याकाळी ओटीवर फडक्यात बांधलेली भाकर होती, वर उडदाचं भुजं. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी फडकं वेगळं होतं. नंतर कळलं, सात घरांनी पाळी लावली होती. हे दिवाळीपर्यंत चाललं. ज्या घरात पावसाळ्याच्या शेवटी कणगीचा तळ दिसतो, त्या घरातली ती भाकर. मी ती खाल्ली. रोज खाल्ली. ‘नको, उगाच कशाला’ असं म्हटलं नाही. शहरात आपण हे फार पटकन म्हणतो. कुणाचा भार व्हायचं नाही, कुणाचं ओझं घ्यायचं नाही, हा आपला मोठा अभिमान असतो.

माझा मुलगा पुण्याला असतो. आईच्या दिवसांना आला तेव्हा त्यानं मला विचारलं, बाबा, त्या आठ जणांना किती द्यायचे? त्याचं काही चुकीचं नव्हतं. मजुरीचा दिवस बुडाला त्यांचा, ते त्यालाही कळत होतं. मी त्याला म्हटलं, पैसे देऊ नकोस. त्यांच्या घरात लग्न निघेल, आजारपण निघेल, तेव्हा जे पडेल ते करू. पण आज पाकीट देऊ नकोस. हिशेब चुकता झाला की माणसं मोकळी होतात, आणि मला मोकळं व्हायचं नाही.

इथं एक आक्षेप येतो आणि तो मी स्वतःच स्वतःवर घेतला आहे. गरिबाची भाकर खायची आणि वर ‘ऋण ठेवलं’ म्हणून तत्त्वज्ञान सांगायचं, हे पेन्शनवाल्याला शोभतं का? उमेदीची चौतीस वर्षं शहराला दिली आणि म्हातारपण उचलायला मात्र पाडा? ज्या गावात मी एक वाफा कसला नाही, एक पोर वाढवलं नाही, त्या गावावर स्वतःला टाकायचा मला काय अधिकार? या प्रश्नाला सोपं उत्तर नाही. अधिकार असा नसतोच, असं मला वाटतं. भिक्षा हा हक्क असता तर तिला भिक्षा म्हटलं नसतं. दारात उभं राहायचं, साद घालायची, मिळालं तर घ्यायचं, नाही मिळालं तर न रुसता पुढच्या दारी जायचं. म्हणून तर आपल्या परंपरेनं तिला नियम घातले. गाणगापुरात आजही माध्यान्ही भक्त पाच घरी माधुकरी मागतात. लाखाचा व्यापारी असो की मोलकरीण, झोळी सारखीच. त्या वेळी महाराज कुठल्या तरी रूपात भिक्षेला येतात अशी श्रद्धा आहे, त्यामुळे घालणाराही निरखून बघत असतो आणि मागणाराही जपून मागत असतो. पाचच घरं. एकाच घरी पोटभर नाही. अवधूताच्या गुरूंमध्ये मधमाशी आहे ती याचसाठी. फुलाफुलातून थोडं घ्यावं, फुलाला कळूही नये. आणि साठवणारी माशी कशी नागवली जाते तेही तिथंच सांगितलं आहे. सात घरांनी पाळी लावली तेव्हा त्या बायकांनी भागवत ऐकलं होतं असं नाही, पण एका घरावर भार पडू नये हे गणित त्यांना पक्कं ठाऊक होतं.

दुसरी गोष्ट परतीच्या वाटेची. मेळघाटात बैरागडला डॉ. रवींद्र आणि डॉ. स्मिता कोल्हे हे दांपत्य राहिलं. दोघांना 2019 साली पद्मश्री मिळाली. त्यांचं बाळ जन्मतःच गंभीर आजारी पडलं तेव्हा त्याला शहरात हलवायचं नाही, गावातल्या इतर बाळांना जे उपचार मिळतात तेच याला, असं त्या आईनं ठरवलं. त्यानंतर गावानं त्यांना परकं मानलं नाही, असं सांगतात. ही गोष्ट ऐकून माझ्या अंगावर काटा येतो, आणि कुणालाही तसं करा म्हणायची माझी छाती नाही. आम्ही हिला नाशिकलाच नेलं, आणि उद्या पाड्यावरच्या कुणालाही तसं झालं तर त्यालाही तिथंच न्यावं, झोळीतून न्यावं, पायी न्यावं. पण एक खरं आहे की ज्याच्या खिशात परतीचं तिकीट असतं त्याच्याकडे गाव जरा राखूनच बघतं. माझ्या खिशात ते आहे. कॉलेज रोडचा फ्लॅट विकलेला नाही, पुण्याला मुलाकडे माझी खोली तयार आहे. आता त्र्याहत्तरावं चालू आहे, गुडघे बोलतात, रक्तदाबाची गोळी सुरू आहे. मुलगा दर रविवारी फोनवर एकच विचारतो, बाबा, कधी येताय? त्याचा जीव तुटतो तो खोटा नाही. आईच्या वेळी त्याला पोहोचायला दीड दिवस लागला होता. बापाच्या वेळी तसं होऊ नये असं त्याला वाटतं. आणि मुलाच्या त्या काळजीपुढे माझ्या या सगळ्या विचाराचं वजन किती, हे मला अजून नीट ठरवता आलेलं नाही.

यंदाच्या मार्गशीर्षाचं सांगतो आणि थांबतो. आमच्याकडे याच महिन्यात डोंगरदेवाचा उत्सव असतो, पौर्णिमेला पुरा होतो. म्हणजे आपली दत्तजयंती आणि त्यांचा डोंगरदेव एकाच चांदण्यात. दरवर्षी एका गावात होतोच असं नाही, काही वर्षं मध्ये जातात. देवाच्या व्रताला बसलेल्यांना ‘माऊल्या’ म्हणतात. ते पावरीच्या सुरावर नाचत गावोगाव फिरतात आणि घराघरातून धान्य गोळा करतात. यंदा तो आमच्या पाड्यावर आहे. गेल्या वेळी झाला तेव्हा मी ओटीवर बसून बघितला होता, मला चहाही दिला होता. यंदा दिवाळी संपली तशी बैठक झाली आणि दोन जण माझ्याकडे आले. उभ्या उभ्याच म्हणाले, बाबा, घरटी एक पायली नागली ठरली आहे. तुमच्या घरची पौर्णिमेच्या आधी द्या.

पाहुण्याकडे कुणी मागत नाही. मी हो म्हटलं. पण माझ्याकडे नागली कुठून असणार? बोरगावच्या बाजारातून आणतो म्हटलं तर त्यांनी मान हलवली. देवाला विकतची चालत नाही, शेतातली हवी. शेजारची म्हातारी, जिनं हिला भाकर शिकवली ती, दारातून ऐकत होती. ती आत गेली, कणगीतून पायलीभर नागली मापली, वर हातानं शीग सारखी केली आणि माझ्या फडक्यात ओतली. म्हणाली, “पुढल्या सालच्या पिकावर परत दे. परसात लाव थोडी, बी मी देते.”

रविवारी मुलाचा फोन आला तेव्हा त्याला तेवढंच सांगितलं, की म्हातारीची एक पायली नागली माझ्याकडे निघते.